आपल्याले कोन ईचारते!

पांढुर्णा-सौसरकडे एक वाक्य वरचेवर ऐकू येते. संत्र्याला भाव मिळाला नाही, अर्जाला उत्तर आले नाही, ठरलेली मोटार वेळेवर आली नाही, तरी तिकडची मंडळी फारशी चिडत नाहीत. मान किंचित वाकडी करून एवढेच म्हणतात, ‘आपल्याले कोन ईचारते जी!’ या वाक्यात तक्रार आहे, थोडा विनोद आहे आणि एक प्रकारची निश्चिंतीही आहे. ज्याला कोणी विचारत नाही, त्याला कोणी त्रासही देणार नाही, असा त्या निश्चिंतीचा हिशेब आहे. हा हिशेब कोठे चुकतो ते सांगण्यासाठी आजचा हा लेख आहे, आणि निमित्त आहे जुन्या संगणकांना होणाऱ्या रोगांचे. विषय यंत्राचा असला तरी तो शेवटी भाषेपर्यंत येऊन पोचतो, म्हणून या पानावर तो मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम हा मुलूख कोणता ते सांगावयास हवे. कारण आपल्यासारख्या संस्थानी शहरांत वाढलेल्या मराठी माणसाला तो बहुधा नकाशावरच भेटतो. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती, तोवर पांढुर्णा आणि सौसर ही नागपूरच्या हाकेच्या अंतरावरची दोन गावे होती. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरात मराठी, बाजारात मराठी, आणि कचेरीत व शाळेत हिंदी अशी तेथील मंडळींची वाटणी झाली. 2023 च्या ऑक्टोबरात या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री, कापूस, जामसावळीचा निद्रिस्त हनुमान आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, एवढ्यावरून बाहेरच्या जगाला हा भाग ठाऊक आहे. तेथील मराठी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

माझे एक मामा सौसरकडे शाळामास्तर होते. त्यांना एक छंद होता. आई, मावश्या, कापूस वेचणाऱ्या बाया, ज्यांच्या ज्यांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या होत्या, त्यांच्यापाशी बसून ते त्या वह्यांत उतरवून घेत. असे वीस वर्षे चालले. निवृत्तीनंतर, 2007 च्या सुमारास, त्यांनी त्या वह्या तेथल्याच एका डीटीपीच्या दुकानात टाइप करवून घेतल्या. दोनशेहून अधिक पाने झाली. पुस्तक काही छापून झाले नाही. छपाईला पैसे कोठून आणावे हा प्रश्न मास्तरांपुढे नेहमीच असतो. पुढे वह्यांना वाळवी लागली, पण मामांना त्याचे फारसे दुःख झाले नाही. ‘फाइल आहे ना दुकानात,’ असे ते म्हणत.

मामा गेल्यानंतर वर्षश्राद्धाला ते पुस्तक छापावे असे आम्ही भाच्यांनी ठरविले आणि मी त्या दुकानात गेलो. दुकानदार सज्जन गृहस्थ. त्यांना मामांची आठवण होती, फाइलचीही होती. कोपऱ्यातल्या एका पिवळट पडलेल्या संगणकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘गुर्जीची फाइल हाय जी. ह्या जुन्या मशीनमंदी हाय.’ मी सहज विचारले, यंत्राला व्हायरस वगैरे नाही ना? ते हसले. ‘भाऊ, ह्या मशीनले इंटरनेटच नाई जोडलं कधी. अन् इतक्या जुन्या डब्ब्याले कोन व्हायरस लावते जी? आपल्याले कोन ईचारते!’

यंत्र सुरू झाले, पण मामांच्या नावाचा कप्पा उघडेना. जेथे कप्पे असावयाचे तेथे त्याच नावांच्या, कोपऱ्यात लहानसा बाण असलेल्या खुणा दिसत होत्या. शेजारचा एक जाणकार तरुण बोलावण्यात आला. त्याने पाहिले आणि निर्णय दिला, ‘व्हायरसनं सारं खाल्लं. फॉर्मॅट मारा लागते.’ दुकानात तीन लग्नपत्रिका खोळंबल्या होत्या. त्याच संध्याकाळी यंत्र धुऊन पुसून स्वच्छ करण्यात आले आणि त्यावर नवी कामे सुरू झाली.

दोन महिन्यांनी या विषयातल्या एका स्नेह्याला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने समजावून दिले ते असे. पेन ड्राइव्हमधून पसरणारा हा एक अगदी सामान्य रोग आहे. तो फाइली खात नाही; तो त्यांना लपवितो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे खोटे दार उभे करतो. ते दार उघडले की आधी रोग कामाला लागतो आणि मग खरा कप्पा उघडतो, म्हणून कित्येक दिवस कोणाला संशयही येत नाही. कधी ते खोटे दार बिघडते आणि कप्पा उघडेनासा होतो. पण आतील मजकूर बहुधा शाबूत असतो. लपविलेले पुन्हा दाखविण्याला एका ओळीची आज्ञा पुरते. तात्पर्य, मामांच्या ओव्या विषाणूने नेल्या नाहीत. त्याने त्या लपविल्या होत्या, आम्ही त्या पुसल्या. आज आमच्यापाशी उरली आहेत ती मामांनी तांबड्या शाईने तपासलेली मुद्रितांची पहिली अडतीस पाने.

त्या दुकानदाराला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. जे तो म्हणाला, तेच मी त्या दिवशी मानीत होतो, आणि वाचकांपैकी पुष्कळ जण आजही मानीत असतील. जुन्या यंत्राला कोणी विचारत नाही. जे जगाशी जोडलेले नाही त्याला जगाची बाधा होत नाही. ही दोन्ही वचने ऐकायला शहाणपणाची वाटतात. या रोगाचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

वस्तुतः संगणकाचे पहिले रोग ज्यांना झाले, ती यंत्रे आज जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या कपाटांतच सापडतात. 1982 साली अमेरिकेतील रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ नावाची खोडी रचली. ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाई आणि पन्नासाव्या वेळी यंत्र सुरू केले की पडद्यावर एक कविता दाखवी. 1986 साली लाहोरच्या अमजद आणि बासित या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू केला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला होतात, त्यांना चाप बसावा, असा आपला हेतू होता असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता व दूरध्वनीही घातला होता! 1987 साली ‘अमिगा’ या यंत्रावर स्विस मंडळींनी केलेला एक विषाणू आला. तो चेष्टेचाच होता, पण ज्या विकतच्या फ्लॉपींचा पहिला भाग खास रीतीने लिहिलेला असे, त्यांच्यावर तो स्वतःला लिही आणि त्या कायमच्या निकामी होत. यांपैकी एकाही प्रसंगी इंटरनेट घराघरांत नव्हते. रोग हातातून हातात गेला.

आपल्या देशातला मासला तर अधिकच मनोरंजक आहे. 1990 साली भारतात ‘जोशी’ या नावाचा एक विषाणू आढळला आणि पाहता पाहता तो जगभर पसरला. तो वर्षभर मुकाट असे. 5 जानेवारीला यंत्र सुरू केले की ते अडून बसे आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा असे सांगे. शुभेच्छा दिल्या की यंत्र पूर्ववत चाले. तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी हे जोशीबुवा त्याच्या स्मरणातून उठत नसत. आडनाव पाहून आपल्या मंडळींना जरा कुतूहल वाटेल. परंतु जोशी गुजराथेतही आहेत आणि कुमाऊंतही आहेत, तेव्हा वंशावळ शोधीत बसण्यात अर्थ नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की हा विषाणू कोणत्याही तारेवरून आला नाही. कचेरीतून घरी, घरातून क्लासात, क्लासातून दुकानात, असा तो खिशातल्या फ्लॉपीबरोबर हिंडला. ज्या देशात प्रत्येक सॉफ्टवेअर उसने आणण्याची चाल होती, त्या देशात रोगाला निराळ्या वाहनाची गरज पडली नाही.

‘ह्या मशीनले इंटरनेटच नाई’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. याचे सर्वांत मोठे उदाहरण 2010 साली उघडकीस आले. इराणमधील नतांझ येथील युरेनियम शुद्ध करण्याचा कारखाना बाहेरच्या जगाशी जोडलेला नव्हता. तेथील चक्रे फिरविणारी यंत्रे म्हणजे काही टेबलावरचे संगणक नव्हेत. ती सीमेन्स कंपनीची कारखानी नियंत्रक उपकरणे होती, आणि अशा उपकरणांना विषाणू होतो ही कल्पनाही सामान्य माणसाने केलेली नव्हती. तरीही ‘स्टक्सनेट’ तेथे शिरला, आणि असल्या बंद जागेत शिरण्यासाठी त्याच्यापाशी जी साधने होती त्यांत पेन ड्राइव्ह हे प्रमुख होते. आणि जो विषाणू एका कारखान्यासाठी घडविला असे मानले जाते, त्याची सर्वाधिक लागण झालेल्या देशांत इराण व इंडोनेशिया यांच्या पाठोपाठ भारताचे नाव लागले.

येथे गोटमार आठवते. पांढुर्ण्याचे वडीलधारे सांगतात की दगड नेहमी समोरच्या काठावरून येतो, म्हणून नजर समोर ठेवावी. परंतु दरवर्षी जखमी होणाऱ्यांत नुसते पाहायला आलेलेही असतात. दगडाला माणूस ओळखता येत नाही. 27 जून 2017 रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सोडण्यात आला. त्याचा नेम युक्रेनवर होता. त्या दगडाने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, आणि तिच्यामार्फत आपल्या उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातील एका धक्क्याचे काम अडविले. उरणच्या धक्क्याशी त्या विषाणूच्या कर्त्याचे काय वैर होते? काहीही नव्हते. आपल्याला कोणी विचारत नाही हे अगदी खरे असेल. पण दगड लागण्यासाठी कोणी विचारावेच लागते असे नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुनेपण हे कधी कधी खरोखर कवच होते. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाला आज्ञा पोचविणारी एक यंत्रणा 2019 पर्यंत आठ इंची फ्लॉपींवर चालत होती, आणि ती इतकी जुनी व एकाकी आहे म्हणूनच सुरक्षित आहे, असे तेथील अधिकारी सांगत. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ने दीडशे देशांत थैमान घातले, तेव्हा सगळ्यांनी विंडोज एक्सपीच्या नावाने बोटे मोडली. पुढे तपासात दिसले की बळी पडलेली बहुसंख्य यंत्रे विंडोज सेव्हनची होती. एक्सपीवर तो विषाणू धड चालतच नव्हता, यंत्रच कोलमडून निळे पडे. म्हाताऱ्याला रोग झाला नाही, कारण रोग पेलण्याइतकी शक्तीही त्याच्यापाशी नव्हती! तसेच ज्या अगदी जुन्या यंत्रांची मूळ आज्ञावली न पुसता येणाऱ्या चकतीत कोरलेली असे, त्यांची वीज बंद केली की स्मरणातला रोगही नाहीसा होई.

परंतु हे कवच कोणाला लाभते? अण्वस्त्रांच्या यंत्राजवळ पहारा असतो. त्यात घालावयाची फ्लॉपी कोठून आली याची नोंद असते. डीटीपीच्या दुकानातल्या यंत्रात दिवसाकाठी वीस पेन ड्राइव्ह शिरतात: एक शाळेतला, एक लग्नघरचा, एक पतपेढीतला, एक कोणा उमेदवाराच्या प्रचारकाचा. यंत्र जुने आहे, पण एकाकी नाही. ते गावातले सर्वांत मिसळलेले यंत्र आहे. जुनेपणाचा तोटा सगळा पदरी आणि एकाकीपणाचा लाभ काहीच नाही, अशी त्याची अवस्था आहे. विंडोज एक्सपीची निगा तिच्या कर्त्यांनी 8 एप्रिल 2014 रोजी थांबविली. त्यानंतर सापडलेल्या भोकांना त्यांनी क्वचित एखादे ठिगळ लावले असेल; एरवी ती उघडीच आहेत.

ही गोष्ट संत्र्याच्या बागाइतदाराला मी समजावून देण्याची गरज नाही. त्याला ती माझ्यापेक्षा अधिक कळते. बागेत डिंक्या शिरतो तो बहुधा कलमाच्या मुळाशी आलेल्या मातीतून. रोपवाटिकेत कलम हिरवेगार दिसते, म्हणून माणूस निःशंक मनाने ते आणून लावतो. काही वर्षांनी बुंध्यातून डिंक गळू लागतो, तोवर पाटाच्या पाण्याबरोबर रोग शेजारच्या झाडांपर्यंत गेलेला असतो. कोळशीचेही तसेच. एखाद्याने जुनी बाग उत्पन्न देत नाही म्हणून सोडून दिली, फवारणी बंद केली, की काळी माशी तेथे सुखाने नांदते आणि तेथून साऱ्या शिवारात उडते. सोडून दिलेल्या बागेला कोणी विचारत नाही हे खरेच. रोगाला तीच जागा सोयीची असते.

आणि ‘जुने’ म्हणजे केवळ पिवळट डबाच असे समजण्याचे कारण नाही. ज्या उपकरणाकडे संगणक म्हणून कोणी पाहत नाही, ते ह्याच वर्गातले. 2000 साली हातात मावणाऱ्या ‘पाम’ डायरीला विषाणू निघाले, 2004 साली नोकियाच्या फोनांतून ब्लूटूथने पसरणारा ‘कॅबीर’ निघाला. शेजारच्या माणसाच्या खिशातून आपल्या खिशात येण्यासाठी तो फक्त ‘हो’ म्हणण्याची वाट पाही, आणि लोक ‘हो’ म्हणत. 2016 साली ‘मिराई’ने तर कमालच केली. त्याने संगणक सोडून दिले आणि भिंतीवरचे कॅमेरे व इंटरनेटचे राउटर धरले. त्याची युक्ती पोरकट होती: कारखान्यातून येताना उपकरणाला जो परवलीचा शब्द असतो, तो विकत घेणाऱ्याने बदललेला नसतो, असल्या साठ-पासष्ट शब्दजोड्यांची यादी त्याच्यापाशी होती आणि तो प्रत्येक दारावर त्या किल्ल्या लावून पाही. त्या वर्षीच्या 21 ऑक्टोबरला अशाच पछाडलेल्या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. एखाद्या किराणा दुकानाचा कॅमेरा, जो मालकाच्या समजुतीने फक्त गल्ल्यावर लक्ष ठेवतो, तो दुसऱ्या खंडातल्या हल्ल्यात शिपाई म्हणून भरती झालेला असू शकतो, आणि मालकाला त्याची वार्ताही नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शहरातले शहाणे विचारतील, मग ही मंडळी जुनी यंत्रे टाकून का देत नाहीत? कंजूषपणा, अडाणीपणा, असली उत्तरे तयारच असतात. खरे उत्तर त्या दुकानात बसल्याशिवाय कळत नाही. गेल्या पिढीतले बहुतेक मराठी टाइपिंग जुन्या फाँटांत झालेले आहे. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी असो की आणखी कोणती लिपी असो, यांत ‘क’च्या जागी यंत्राच्या पोटात ‘क’ नसे; तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे, आणि फाँट त्याला ‘क’चे सोंग देई. फाँट काढला की ओवीच्या जागी रोमन अक्षरांचा उकिरडा दिसतो. ही पाने जुळविण्याचे पेजमेकर हे साधन. त्याची 2001 नंतर नवी आवृत्ती निघाली नाही आणि युनिकोड त्याला कधीच कळले नाही. म्हणून ज्याला 2007 सालचे काम पुन्हा उघडावयाचे आहे, त्याला 2007 सालचे यंत्रच जिवंत ठेवावे लागते. दुकानदार ते हौसेने ठेवीत नाही. त्या डब्यात गावाची पंचवीस वर्षांची मराठी अडकलेली आहे, म्हणून ठेवतो.

महाराष्ट्रात हे नुकसान निदान अंशतः भरून निघते. तेथे ग्रंथालये आहेत, विद्यापीठे आहेत, साहित्य संस्था आहेत. एक प्रत गेली तर दुसरी कोठे तरी सापडते. पांढुर्णा-सौसरला मराठीचा सरकारी दप्तरखाना नाही. हरिनाम सप्ताहाची पुस्तिका, भजनी मंडळाचा संग्रह, एखाद्या मास्तरांचा गौरवग्रंथ, तिकडच्या बोलीतील कविता, देवस्थानचे माहात्म्य: हे सारे दोनशे-तीनशे प्रतींत निघते आणि घरोघर विरून जाते. मूळ प्रत उरते ती दुकानातल्या डब्यात. आमच्या संस्थानांची दप्तरे मोडीत होती आणि त्यांना कसर लागली तर पुराभिलेखवाले धावून येतात, निदान यावे अशी अपेक्षा असते. या डब्याला कसर लागली तर शेजारचा पोरगा येतो आणि फॉर्मॅट मारतो.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. जुने यंत्र टाकू नये, पण ते कोणाच्याही पेन ड्राइव्हला खुले ठेवू नये. बाहेरून आलेले आधी दुसऱ्या यंत्रावर तपासावे. पूर्वी मोठ्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तीवर कागदाची पट्टी चिकटविली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. आजच्या बहुतेक पेन ड्राइव्हांना ती खाच नाही, तेव्हा जुन्या यंत्रातून माल बाहेर न्यावयाचा तो एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर न्यावा. जुन्या फाँटातील प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामाची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे फाँट गेला तरी पान दिसेल. आणि मजकूर युनिकोडात उतरवून ठेवावा, म्हणजे तो शोधता व पुन्हा छापता येईल. एकीकडची प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. कॅमेरा बसविणाऱ्याकडून परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलून घ्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, रोग दिसताच यंत्र पुसू नये. ते बंद करावे, बाजूला ठेवावे आणि जाणत्याला दाखवावे. माणूस बेशुद्ध पडला तर आपण त्याला लगेच दहन करीत नाही.

जाणता माणूस आणावा कोठून, असे कोणी म्हणेल. साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या कैलास काटकर या तरुणाने पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान काढले, आणि त्याच दुकानात येणाऱ्या रोगी यंत्रांसाठी त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी औषध लिहिले. त्यातून 1990 नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ उभे राहिले. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावरच ही विद्या शिकली जाते. सौसरच्या ज्या तरुणाने आमची फाइल पुसली, तो हुशार होता, तत्पर होता आणि त्याने एक पैसाही घेतला नाही. त्याला कोणी ती एक ओळ शिकविली नव्हती, एवढीच त्याची चूक. ती शिकविण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न मी त्याच्याकडे पाठवू इच्छीत नाही. तो आपल्याकडे यावयास हवा.

बृहन्महाराष्ट्राच्या नावाने आपल्याकडे संमेलने होतात, ठराव होतात, सीमेपलीकडल्या मराठीबद्दल गळे दाटून येतात. मी म्हणतो, एक ठराव कमी करा आणि दोन जाणते तरुण आठवडाभर पांढुर्णा-सौसरला पाठवा. त्यांनी दुकाने हिंडावीत, जुन्या डब्यांतील कामे मालकांच्या संमतीने उतरवून घ्यावीत, युनिकोडात करावीत, आणि जाताना तेथल्या पोरांना लपविलेली फाइल परत कशी आणावी ते दाखवावे. भाषेची सेवा म्हणजे दर वेळी नवे काही लिहिणेच असते असे नाही. जे लिहून झाले आहे ते पुसले जाऊ न देणे, हीही सेवाच आहे, आणि सध्या ती अधिक निकडीची आहे.

मामांच्या अडतीस पानांची आम्ही लहानशी पुस्तिका छापली. ती घेऊन मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदारांनी ती कपाळाला लावली, चाळली आणि शेवटचे पान आल्यावर थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘भाऊ, बाकीची फाइल कोनी मागन, असं मले कधी वाटलंच नाई जी.’ त्यांच्या कपाटात आणखी चाळीसेक जणांची कामे आहेत. ती मागायला अजून कोणी गेलेले नाही.